काशीफळाला लागलेला विळा

आमचा रविवार शुक्रवारी यायचा. निजामाच्या राज्यात शाळा-कचेऱ्या जुम्म्याला बंद असत, आणि माझे बाबा तालुक्याला सरकारी शाळेत मास्तर होते. तिथं एक खोली घेऊन राहायचे. गुरुवारी शाळा सुटली की मिळेल त्या बैलगाडीनं आखाडा बाळापूरपर्यंत यायचे आणि तिथून दोन कोस पायी आमच्या गावी. शुक्रवार घरी, शनिवारी तांबडं फुटायच्या आत परत. म्हणजे आठवड्यातून एकच दिवस आमच्या घरात पुरुष असायचा, आणि तो दिवस ते परसातल्या भाजीच्या वाफ्यांत घालवायचे.

मास्तर माणूस घरी आला, लेकरांना जवळ घेऊन गोष्टी सांगत असेल, असं कुणाला वाटेल. गोष्टी कसल्या, हुकूम. धोतर खोचून ते वाफ्याच्या कडेला उभे राहायचे आणि माय आणि मी ओणव्यानं काम करायचो. काम वाईट झालं तर बोलायचे, चांगलं झालं तर गप्प राहायचे.

परस म्हणजे घरामागची दहा-बारा वाफ्यांची जागा. तिन्ही बाजूंनी बाभळीच्या काट्यांची कुपाटी, चौथ्या बाजूला न्हाणीची भिंत. न्हाणीचं पाणी पाटानं वाफ्यांत जायचं. दसरा-दिवाळीच्या मधले शुक्रवार सगळ्यात कष्टाचे. पावसाळी वेल उतरवायचे, वाळवलेल्या दोडक्यांतलं बी काढून राखेत घोळवून गाडग्यात भरायचं, माती उकरून शेणखत मिसळायचं, मेथी पेरायची, लसूण टोचायचा, कुपाटीला नवे काटे लावायचे. मला यातलं काहीच कधी आवडलं नाही, हे आधीच सांगून टाकते. हल्ली लोक मातीच्या वासाबद्दल फार गोड बोलतात. त्यांनी एकदा सकाळपासून उन्हं कलेपर्यंत खुरपं चालवावं, मग बोलावं.

घरात आम्ही पाच जण. बाबा, माय, मी, माझा पाच वर्षांचा भाऊ आणि बाबांची थोरली बहीण. ही आत्या, बाबांची आक्का, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. तिला मूलबाळ नव्हतं, पण घरातला सगळा शिवाशिवीचा आणि रीतीभातीचा कारभार तिच्याकडं होता. माय तिच्यापुढं तोंड वर करून बोलत नसे. आत्या दुष्ट नव्हती. माझ्या भावावर तिचा जीव होता, आणि तिचे सगळे नियम त्याच्याभोवती फिरायचे.

त्यातला एक नियम काशीफळाचा. आमच्याकडं लाल भोपळ्याला काशीफळ म्हणतात. आख्ख्या काशीफळाला बाईनं पहिली धार लावायची नाही. काशीफळ म्हणजे घरातला थोरला मुलगा. बाईनं ते चिरलं तर तिनं मुलगाच चिरला. पुरुषानं एकदा सुरी टेकवली की झालं, मग बाईनं त्याचे शंभर तुकडे करावेत, कुणाला काही वाटत नाही. बाबा शुक्रवारी असायचे तेव्हा पहिली चीर ते द्यायचे. एरवी ते काम माझ्या भावाचं. आत्या त्याला मांडीवर घ्यायची, त्याच्या मुठीत विळ्याची मूठ द्यायची, वरून स्वतःचा हात धरायची आणि विळ्याचं टोक काशीफळात खुपसायची. जोर तिचा, नाव त्याचं. मग तो घरभर सांगत सुटायचा, "म्या कापलं, म्या कापलं." एकच मुलगा होता आमच्या घरात, त्यामुळं थोरलाही तोच आणि धाकटाही तोच.

ज्या वर्षाचं सांगते त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते. लढाई चालू होती. रॉकेल चिठ्ठीवर मिळायचं आणि हिवतापावरचं औषध कोयनेल चिठ्ठीवरही मिळत नव्हतं. आश्विनात घरोघरी हिवताप. अंथरुणं पडलेली, आणि ज्याचं हिव उतरलं तो उठून दुसऱ्याला पाणी देणार, अशी गत. एका मंगळवारी माझ्या भावाला थंडी वाजून ताप भरला. बुधवारी मायनं तालुक्याला जाणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती बाबांना निरोप धाडला, लेकराला हिव भरलंय, कुठूनही करून कोयनेल घेऊन या.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही वाट पाहिली. बाबा आले नाहीत. मागाहून कळलं की शुक्रवारी दुपारी त्यांच्या साहेबांकडं दावत होती आणि सगळ्या मास्तरांना बोलावणं होतं. साहेबाला नाही म्हणणं सोपं नव्हतं, हे मला आज कळतं. पण कळलं म्हणून राग जात नाही.

शुक्रवारी सकाळपासून भाऊ मायचा पदर सोडत नव्हता. आत्या उशाशी बसून धूप घालत होती, मिरच्या ओवाळत होती. पण परसातलं काम तर पडलेलं. लसणाच्या पाकळ्या सोडवून ठेवलेल्या, आणि वेल काढल्याशिवाय वाफे मोकळे होणार नव्हते. मायनं मला हाक मारली.

"वेल तेवढे उतरून घे गं. दुपारी बाबा आले तर बोलतील."

त्या दिवशीसुद्धा तिला बोलणी खायची भीती होती. मी विळा घेऊन परसात गेले.

मी रागात होते. पोरगं आजारी पडलं की घर गोळा होतं आणि पोरगी आजारी पडली तर एक भाकरी वाचते, असं मनात म्हणत होते. मागच्या महिन्यात मलाही हिव येऊन गेलं होतं आणि तेव्हा कुणी मिरच्या ओवाळल्या नव्हत्या. दोडक्याचा वाळका वेल कुपाटीवरून खाली ओढायचा आणि मुळाशी विळ्यानं तोडायचा, असं ते काम. मी हातातला राग विळ्यात घालून चालवत होते. एक घाव गवतात गेला आणि आवाज वेगळा आला.

गवत बाजूला केलं तर खाली काशीफळ. त्याचा वेल कधीतरी कुपाटीच्या बुडाशी जाऊन लपला होता आणि तिथं हे गुपचूप मोठं झालं होतं. त्याला चार बोटं लांब चीर पडली होती. आतला पिवळा गर दिसत होता आणि चिरेच्या कडेनं पाण्याचे थेंब जमत होते.

मी आधी घराकडं पाहिलं. पाप म्हणजे काय, हे मला त्या वयात चांगलं माहीत होतं. कुणी पाहिलं तर पाप. कुणी पाहिलं नव्हतं. मी काशीफळ फिरवलं, चीर मातीकडं केली, वर वाळका वेल पसरला आणि उरलेलं काम इतकं नीट केलं की तसं पुन्हा कधी केलं नाही. चोराच्या मनात चांदणं. दुपारभर घरातून कुणी काही बोललं की मला वाटायचं, सापडलं.

शनिवारी सकाळी माय पाटाचं पाणी वळवायला परसात गेली. परत आली तेव्हा तिच्या बोटांना राख होती. वेलावरच्या फळाला कुठं लागलं तर तिथं राख चोळतात, म्हणजे ते सडत नाही. ती चुलीपाशी उभी राहून माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्या बोटांकडं बघत होते. मग तिनं हात धुतले.

"जा, त्याच्यापाशी बस जरा," ती म्हणाली. "मी भाकरी टाकते."

मी जाऊन बसले. हिव मंगळवारी भरलं होतं आणि विळा शुक्रवारी लागला होता. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, एवढं अकरा वर्षांच्या पोरीला कळतं. मला कळत होतं. तरी त्याचे तापलेले पाय दाबताना मी मनात सारखी म्हणत होते की काशीफळ बरं होऊ दे, चीर मिटू दे. चीर मिटली की ताप उतरेल, असं मी ठरवून टाकलं होतं. रविवारी त्याला थोडी हुशारी आली. त्यानं विचारलं, "बाबा कवा येनार?" मी म्हणाले, "शुक्रवारी." सोमवारी दुपारी तो गेला.

लहान लेकरू म्हणून त्याला जाळलं नाही, शेताच्या बांधाला पुरलं. पुरायला शेजारचे लोक गेले, कारण बाप गावात नव्हता.

बाबा मंगळवारी आले. अंगात शाळेतला काळा कोट होता. ते ओसरीवर बसले. मग त्यांनी खिशात हात घातला आणि कागदात बांधलेली एक पुडी काढून खाली ठेवली. कोयनेल. दवाखान्यातल्या ओळखीनं मिळवलं होतं आणि ते गुरुवारीच मिळालं होतं, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. दावतीला जाताना ते त्यांच्या खिशातच होतं. मायनं पुडी उचलली आणि कोनाड्यात ठेवली. ती त्या दिवशी बोलली असती, ओरडली असती, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

बाबांनी रजा घेतली होती. दहाएक दिवसांनी आत्या म्हणाली की परसात आता एकही काशीफळ नको, पाहवत नाही, सगळी लोकांना देऊन टाकते. ती टोपलं घेऊन गेली. मी चुलीत लाकूड सारत होते, माय भाकरी थापत होती आणि बाबा दारात बसले होते. आत्या परत आली ती एकच काशीफळ दोन्ही हातांत धरून. चिरेवरची राख सुकून काळी झाली होती.

"हे कोनं केलं?"

मायचे हात थांबले नाहीत. "म्या," ती म्हणाली.

"तू? काहून?"

"वेल काढताना विळा लागला, वन्सं."

"कवा?"

"त्याच शुक्रवारी."

मी मान वर केली नाही. लाकूड पुढं सारण्याची गरज नव्हती तरी सारत राहिले. आत्या खाली बसली आणि बाबांना एवढंच म्हणाली, "ऐकलंस का रं?" बाबा उठून बाहेर गेले. जाताना मी त्यांचं तोंड पाहिलं. त्यांच्या तोंडावर दुःख होतंच, पण त्याच्याबरोबर सुटका होती. अंगावरचं ओझं दुसऱ्यानं उतरवून घेतल्यावर माणूस दिसतो तसे ते दिसले. मी लहान होते म्हणून मला तसं वाटलं असेल, असं पुढं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण मी जे पाहिलं ते पाहिलं.

पोरांना भूगोल शिकवणारा माणूस. पृथ्वी गोल आहे, ग्रहण म्हणजे सावली आहे, हिवताप डासांनी येतो, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं. त्यांचा काशीफळावर विश्वास नव्हता, हे मी पैजेवर सांगते. पण खिशातल्या पुडीपेक्षा काशीफळ बरं होतं. आत्यालाही बरं होतं, कारण चार दिवस ती धूपच घालत बसली होती. आणि मला तर सगळ्यात बरं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती आमच्या घरात झाली, आणि चोर एक नव्हता, तिघं होते.

गावात गोष्ट पसरायला दोन दिवस लागले. मायला कुणी शिव्या दिल्या नाहीत. आमच्या भागात तसं कुणी तोंडावर बोलत नाही. बारशाचं बोलावणं आलं की ते माझ्या एकटीला येऊ लागलं. गरोदर बायका विहिरीवर माय दिसली की घागर घेऊन थांबायच्या, ती गेली की पुढं व्हायच्या. एकदा शेजारणीचं रांगतं पोर आमच्या उंबऱ्यापाशी आलं. मायनं हात पुढं केला, आणि शेजारीण धावत येऊन हसत हसत त्याला उचलून घेऊन गेली. "घान करून ठेवील तुमच्या घरात," असं म्हणाली. माय तसाच हात पुढं करून थोडा वेळ बसली होती.

बाबा शुक्रवारचे येत राहिले, पण दर शुक्रवारी नाही. महिन्यातून दोनदा, कधी एकदा. आले तरी मायशी थेट बोलणं बंद झालं होतं. ती समोर असली तरी मला सांगायचे, "तिला म्हनावं, पानी दे." ती पाणी द्यायची. तिच्या हातचं खायचे, तिनं धुतलेलं धोतर नेसायचे. वाफे मात्र आता आम्ही दोघीच करायचो, आणि बोलणारं कुणी नसलं तरी माय ते पूर्वीसारखेच सरळ करायची.

उन्हाळ्यात एकदा आम्ही दोघी वांग्यांना माती लावत होतो. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "माय, ते तर म्या..."

तिनं मातीचा हात तसाच माझ्या तोंडावर दाबला.

"गप," ती म्हणाली. "माझं लगीन झालंय. तुझं व्हायचं हाये."

एवढंच. सख्ख्या भावाला मारणारी पोरगी कोण सून करून घेईल, हा विचार तिनं भाकरी थापता थापता, आत्या काशीफळ घेऊन उभी असताना, केला होता. की शनिवारी राख चोळतानाच करून ठेवला होता, ते मला कधी कळलं नाही. माझ्या दातांत माती आली होती. मी थुंकले आणि कामाला लागले.

पुढच्या वर्षीचा आश्विन आला. बाबा त्या शुक्रवारी आले होते. आत्या बाळापूरच्या बाजाराला गेली होती आणि माय न्हाणीच्या भिंतीपलीकडं भांडी घासत होती. मी लसूण टोचत होते. बाबा त्या वर्षात पहिल्यांदा वाफ्यात उतरले, माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि पाकळ्या हातात घेतल्या. दोन ओळी आम्ही मिळून लावल्या.

"त्या शुक्रवारी तुझी माय पोरापाशीच बसली व्हती ना?" ते म्हणाले. "आक्का सांगत व्हती, त्यानं दिवसभर पदर सोडला न्हाई म्हनून."

मी पुढची पाकळी टोचली.

"मग वेल कोनी काढले?"

मास्तरांची एक सवय असते. उत्तर माहीत असतं तोच प्रश्न विचारायचा. ते माझ्याकडं बघत नव्हते, हातातल्या पाकळीकडं बघत होते. त्यांनी हे वर्षभर मनात फिरवलं असणार. भिंतीपलीकडं भांड्यांचा आवाज थांबला होता. मला एक शब्द बोलायचा होता, 'म्या'. मायनं तो किती सहज उच्चारला होता. मी खरं बोलले असते तर मारलं नसतं त्यांनी, मला तेव्हाही माहीत होतं. कदाचित रडले असते. कदाचित घरात जाऊन मायला स्वतःच्या तोंडानं पाणी मागितलं असतं. सगळं माझ्या जिभेवर होतं.

"मायनंच," मी म्हणाले. "दुपारी त्याला झोप लागली व्हती, तवा."

बाबांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. मग माझ्या हाताकडं बघून म्हणाले, "पाकळी उलटी लावून राहिलीस. टोक वर ठेव." आणि उठून हात धुवायला गेले. भिंतीपलीकडं भांडी पुन्हा वाजू लागली.

संध्याकाळी जेवायला बसलो. आमच्या घरी लोण्याचा गोळा फक्त माझ्या भावाच्या भाकरीवर पडायचा, आणि तो गेल्यापासून कुणाच्याच भाकरीवर पडला नव्हता, सगळं लोणी कढवून तूप व्हायचं. मायनं त्या दिवशी मडक्यातून गोळा काढला, माझ्या गरम भाकरीवर ठेवला आणि बोटानं कडेपर्यंत पसरला. बाबांनी पाहिलं आणि आपली भाकरी मोडली.

"खा," माय म्हणाली.

मी खाल्लं. सगळं खाल्लं, आणि त्या वर्षात मला पहिल्यांदाच नीट भूक लागली होती.